अनेकांसाठी एक: कर्णधार पालिनुरसचं प्रकरण

व्हर्जिलच्या 'इनीड' या लॅटिन महाकाव्यात देव माणसांच्या आयुष्यात सतत हात घालत असतात. कार्थेजची राणी डिडो प्रेमात पडते ती दोन देवींच्या कारस्थानात सापडून. टर्नस युद्धाला उठतो तो पाताळातल्या अलेक्टोने त्याच्या छातीत मशाल खुपसल्यावर. ही मोठी प्रकरणं, आणि त्यांच्यावर भरपूर लिहून झालंय. मला मात्र बरीच वर्षं एक लहान प्रकरण सोडत नाही. त्यात राजा-राणी नाहीत. एक खलाशी आहे, रात्रपाळीला बसलेला. पाचव्या सर्गाचा शेवट आणि सहाव्या सर्गातली एक भेट, दोन्ही मिळून ओळी दीडशेच्या आत. पण देवांनी केलेली गोष्ट माणसांच्या खात्यावर कशी जमा होते, हे इतक्या स्पष्टपणे मला दुसरीकडे कुठेच दिसलेलं नाही.

माणसाचं नाव पालिनुरस. ट्रॉय जळाल्यावर काव्याचा नायक ईनियस आपली माणसं घेऊन इटलीच्या शोधात निघाला. त्याच्या जहाजाचं सुकाणू पालिनुरसच्या हाती. सुकाणू म्हणजे तेव्हा जहाजाच्या मागच्या अंगाला बांधलेलं मोठं वल्हं. आपल्याकडे 'कर्णधार' हा शब्द आता क्रिकेटच्या संघापुरता उरलाय, पण त्यातला 'कर्ण' म्हणजे सुकाणूच. पालिनुरस त्या मूळ अर्थाने कर्णधार होता. सगळा ताफा त्याच्या मागे चालायचा. त्याच्या जहाजाकडे बघून आपापली दिशा ठरवा, असा बाकीच्यांना हुकूमच होता.

हा माणूस कामात कसा होता, ते व्हर्जिलने आधीच दोनदा दाखवून ठेवलंय. तिसऱ्या सर्गात एका रात्री सगळे किनाऱ्यावर झोपलेत, मध्यरात्रही झालेली नाही, आणि पालिनुरस उठतो. कान देऊन वारा कुठून येतोय ते ऐकतो. मग आकाशातलं एकेक नक्षत्र तपासतो: स्वाती, रोहिणीभोवतीचा तारकापुंज, दोन्ही ऋक्ष, सोन्याची शस्त्रं लावलेला मृग. सगळं निरभ्र आहे अशी खात्री झाल्यावरच निघण्याची खूण करतो. पाचव्या सर्गाच्या सुरुवातीला कार्थेज मागे पडतं आणि समोर काळे ढग चढतात. तेव्हा तो ईनियसला सरळ सांगतो की खुद्द देवराज ज्युपिटरने हमी दिली तरी या हवेत इटली गाठायची आशा मी धरणार नाही. वारा आपल्याहून जोरात आहे, तो नेईल तिकडे जाऊ, सिसिली जवळच आहे. ईनियस ऐकतो आणि सगळे वाचतात.

त्याच प्रसंगात पालिनुरस ढगांकडे बघून समुद्राच्या देवाला एक प्रश्न विचारतो: "नेपच्यूनबाबा, काय मांडलंयस हे?" वाचताना हा प्रश्न सहज निसटून जातो. खलाशाच्या तोंडचा उद्गार म्हणून आपण पुढे जातो. त्याचं उत्तर आठशे ओळींनंतर, त्याच सर्गाच्या शेवटी मिळतं, आणि ते पालिनुरसच्या कानावर कधीच पडत नाही.

सौदा

सिसिलीत, ट्रॉयवाल्यांवर रागावलेल्या जुनो देवीच्या चिथावणीने ट्रॉयच्या बायकांनी जहाजांना आग लावली. पावसाने बाकीची वाचली, चार गेली. आता ताफा इटलीकडे निघणार, आणि ईनियसची आई व्हीनस धास्तावलेली आहे. ती समुद्राच्या देवाकडे, नेपच्यूनकडे जाते. जुनोचा राग शमत नाही, एवढा शेवटचा प्रवास तरी सुखरूप होऊ द्या, अशी गळ घालते. नेपच्यून खुशीत आहे. ट्रॉयच्या रणांगणात ग्रीक योद्धा अकिलीसच्या तावडीतून ईनियसला मीच ढगात लपवून वाचवला होता, याची तिला आठवण देतो. आजही माझं मन तसंच आहे, भिऊ नकोस, तो बंदराला लागेल. आणि मग 814 आणि 815 या दोन ओळी येतात. एकच जण समुद्रात हरवेल, ज्याला शोधावं लागेल, "अनेकांसाठी एक शीर दिलं जाईल."

कशासाठी, ते तो सांगत नाही. कोणाचं शीर, तेही नाही. मागणारा देव समुद्राचा मालक आहे, रस्ता त्याचा आहे, आणि या रस्त्यावर पट्टी भरावी लागते, इतकंच कळतं. व्हीनस विचारतही नाही. लगेच पुढच्या ओळीत व्हर्जिल लिहितो की हे शब्द ऐकून देवीचं मन आनंदलं. मी या ओळीशी प्रत्येक वेळी थांबतो. बोली लागली, मान्य झाली, मुलगा वाचणार म्हणून आई सुखावली, आणि ज्याच्या जिवाचा व्यवहार झाला तो तिकडे शिडाचे दोर आवळतोय.

ईनियसलाही यातलं काही माहीत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. सौदा त्याच्यासाठी झाला, पण त्याला विचारून झालेला नाही.

ती रात्र

रात्र आपल्या मध्याला आलीय. समुद्र शांत आहे. खलाशी वल्ह्यांखालीच कठीण बाकांवर आडवे झालेत. जागा आहे तो एकटा सुकाणूवरचा. आकाशातून निद्रादेव सोम्नस अलगद खाली उतरतो, आणि इथे कवी अचानक कथा सांगायचं सोडून थेट पालिनुरसशीच बोलू लागतो: तुझ्याकडे, पालिनुरस, तुझ्यासाठी दुःखाची स्वप्नं घेऊन. ओळ संपते. पुढची ओळ सुरू होते ती एका शब्दाने: 'इन्सोंती'. निरपराधासाठी. मगच पूर्णविरामासारखा थांबा.

लॅटिन कवितेत शब्दांच्या जागा फार मोकळ्या असतात, कवीला हा शब्द कुठेही ठेवता आला असता. त्याने तो ओळीच्या तोंडाशी, एकटा ठेवला. अजून काहीच घडलेलं नाही. पालिनुरस जागा आहे, सुकाणू त्याच्या हातात आहे. आणि निकाल लिहून झालाय.

सोम्नस फोर्बस नावाच्या सोबत्याचं रूप घेऊन शेजारी बसतो. त्याचं बोलणं गोड आहे आणि वाईट म्हणजे खरं आहे. पालिनुरस, बघ, समुद्र स्वतःच ताफा पुढे नेतोय. वारा एकसारखा आहे. ही विश्रांतीची वेळ. डोकं टेक, दमलेल्या डोळ्यांना जरा कामातून चोरून घे. थोडा वेळ तुझं काम मी बघतो.

यातलं पहिलं वाक्य नीट बघा. समुद्र खरोखरच ताफा नेतोय. नेपच्यूनने शब्द दिलाय. त्या रात्री सुकाणूवर कोणी असलं काय आणि नसलं काय, जहाजं पोचणारच होती. म्हणजे देवाने खोटं रूप घेतलं, पण माहिती खरी दिली. पालिनुरसला ती खरी असल्याचं कळायला मार्गच नव्हता. त्याच्याजवळ होता फक्त अनुभव, आणि अनुभव सांगत होता की शांत समुद्रावर विश्वास ठेवू नये. जड डोळे कसेबसे वर करून तो विचारतो: या निवांत पाण्याचा चेहरा मी ओळखत नाही असं समजतोस? या राक्षसावर मी भरवसा ठेवू? निरभ्र आकाशाने मला इतक्यांदा फसवलंय, आणि मी ईनियसला दगाबाज वाऱ्याच्या हवाली करू?

असं म्हणत तो सुकाणूला चिकटून राहतो. व्हर्जिलचे शब्द आहेत की तो ते मुळीच सोडत नव्हता आणि नजर ताऱ्यांवर खिळवून होता. मनधरणी फुकट गेली. माणसाने देवाला नाही म्हटलं आणि नाहीच म्हटलं. इथवर हस्तक्षेप फसलेला आहे.

मग देव जबरदस्ती करतो. लेथे ही पाताळातली विस्मृतीची नदी. तिच्या दवाने ओली झालेली फांदी तो पालिनुरसच्या दोन्ही कानशिलांवर झटकतो. तरीही तो झगडतोच. 'आढेवेढे घेणाऱ्याचे' तरंगणारे डोळे देवाने मिटवले, असं मूळात आहे. अंग सैल पडतं न पडतं तोच सोम्नस त्याच्यावर कलून त्याला समुद्रात लोटतो. हात सुटत नाहीत, म्हणून सुकाणू त्याच्यासोबत जातं, जहाजाच्या मागच्या भागाचा एक तुकडाही जातो. तो सोबत्यांना पुन्हा पुन्हा हाका मारतो. कोणी जागं होत नाही. देव पक्ष्यासारखा हवेत उडून जातो.

पुढची ओळ मला सगळ्या महाकाव्यातली सर्वात थंड ओळ वाटते. ताफा आपला मार्ग तितक्याच सुरक्षितपणे, बापाच्या, नेपच्यूनच्या वचनानुसार, निर्धास्त कापत राहिला. 'तितक्याच'. तसूभरही कमी नाही.

पहिला जबाब: ईनियस

गाण्याने खलाशांना भुलवून बुडवणाऱ्या सायरनांच्या खडकांजवळ जहाज येतं. बुडालेल्यांच्या हाडांनी ते खडक एकेकाळी पांढरे पडलेले होते. ईनियसला जाणवतं की जहाज भरकटतंय, चालवणारा नाही. तो स्वतः उठून रात्रीच्या लाटांत जहाज सांभाळतो. सुकाणूच गेलेलं असताना ते कसं सांभाळलं, हे व्हर्जिल सांगत नाही. ईनियस मित्राच्या जाण्याने हादरलाय, कण्हतोय. सर्गाच्या शेवटच्या दोन ओळी त्याच्या तोंडी आहेत: निरभ्र आकाशावर आणि समुद्रावर फार भरवसा ठेवलास रे, पालिनुरस, आता अनोळखी वाळूवर उघडा पडशील.

प्रेमाने, रडत बोललेलं वाक्य आहे. आणि पूर्णपणे चुकीचं आहे. पालिनुरस म्हणाला होता की मी या समुद्रावर भरवसा ठेवणार नाही. तिथे क्रियापद होतं 'कोन्फीदेरे'. ईनियस म्हणतो भरवसा ठेवलास; 'कोन्फीसे', तेच क्रियापद. पालिनुरस म्हणाला होता की निरभ्र आकाश फसवतं, 'सेरेनी'. ईनियस म्हणतो निरभ्र आकाश; 'सेरेनो'. जे करायला त्याने शब्दाशब्दाने नकार दिला, तेच त्याच्या नावावर लागलं, त्याच्याच शब्दांत. वीस ओळींच्या अंतराने एवढी जुळणी आपोआप होत नाही. व्हर्जिलने ती मुद्दाम घडवली आहे, आणि ती ऐकू येते फक्त आपल्याला, कारण पहिलं बोलणं झालं तेव्हा जहाजावर बाकी सगळे झोपलेले होते.

ईनियसला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे पुरावा काय होता? शांत समुद्र, रिकामी जागा, तुटलेली लाकडं. यातून कोणीही तोच निष्कर्ष काढेल. आपल्याकडे महामार्गावरच्या अपघाताची बातमी येते तेव्हा 'चालकाला डुलकी लागल्याने' हे शब्द असेच येतात. गाडी किती तास चालवत होता, कोणाच्या सांगण्यावरून निघाला होता, हे पुढच्या ओळीत नसतं. चालक गेलेला असला तर ते शब्द खोडायला कोणी उरत नाही.

दुसरा जबाब: पालिनुरस

व्हर्जिलमध्ये मात्र मेलेला माणूस जबाब देतो. सहाव्या सर्गात ईनियस सिबिले या अपोलोच्या भविष्यवेत्त्या पुजारिणीसोबत पाताळात उतरतो. स्टिक्स नदीच्या काठावर न पुरलेल्यांचे आत्मे घुटमळत असतात, शंभर वर्षं त्यांना पलीकडे नेत नाहीत. त्यांत पालिनुरस दिसतो. ईनियसचा पहिलाच प्रश्न प्रकरणाच्या मुळाशी जाणारा आहे: कोणत्या देवाने तुला आमच्यापासून हिरावून नेलं? अपोलोने तर सांगितलं होतं की तू समुद्रात सुरक्षित राहशील आणि इटलीच्या भूमीला लागशील. हेच का त्याचं वचन?

पालिनुरस उत्तर देतो: अपोलोने तुम्हाला फसवलं नाही, आणि मला कोणत्याही देवाने समुद्रात बुडवलं नाही. ज्याची राखण माझ्यावर होती आणि ज्याला मी घट्ट धरून होतो, ते सुकाणू मोठ्या जोराने, योगायोगाने निखळलं. पडताना मी ते ओढत सोबत नेलं. खवळलेल्या समुद्राची शपथ घेऊन सांगतो, मला माझी तेवढी भीती वाटली नाही. वाटली ती तुमच्या जहाजाची. साधन गेलेलं, चालवणारा गेलेला, एवढ्या उसळत्या लाटांत ते टिकेल का?

तीन रात्री दक्षिणेच्या वाऱ्याने त्याला अफाट समुद्रावर वाहवत नेलं. चौथ्या पहाटे एका लाटेच्या माथ्यावरून इटली दिसली. हळूहळू पोहत तो किनाऱ्याशी आला. ओल्या कपड्यांनी जड झालेला, खडकाच्या टोकदार कडेला बोटांनी घट्ट धरून लटकलेला. तेव्हा तिथल्या क्रूर लोकांनी, काही घबाड असेल या आशेने, त्याला शस्त्रांनी मारलं. आता लाटा त्याचं प्रेत किनाऱ्यावर आपटतायत.

म्हणजे अपोलोचं वचन अक्षरशः पाळलं गेलं. समुद्राने मारलं नाही, इटलीच्या भूमीला लागला. वचनात 'जिवंत राहशील' असं कुठे होतं? देवांच्या बोलण्यातली ही पळवाट 'इनीड'मध्ये इतरत्रही दिसते, पण इतकी क्रूर क्वचितच.

या जबाबातल्या विसंगतीवर जुन्या काळापासून चर्चा होत आली आहे. पाचव्या सर्गात समुद्र शांत, इथे लाटा उसळत्या. तिथे प्रवास सिसिलीहून, इथे लिबियाच्या वाटेवर. तिथे देवाने ढकललं, इथे देव नाहीच. इ.स.पू. 19 मध्ये व्हर्जिल ब्रुंडिझियमला वारला तेव्हा काव्यावरून शेवटचा हात फिरवायचा राहिला होता. हे जाळून टाका अशी त्याची इच्छा होती म्हणतात, आणि सम्राट ऑगस्टसने ते होऊ दिलं नाही. त्यामुळे दोन सर्ग वेगवेगळ्या वेळी लिहिले गेले आणि सांधे जुळवायचे राहिले, असं एक उत्तर दिलं जातं. हवामान आणि लिबिया यांपुरतं मला ते पटतं. 'कोणत्याही देवाने नाही' याला ते लावणं मला मान्य नाही. फोर्बस म्हणून शेजारी बसलेला कोण होता, हे पालिनुरसला कधी कळलंच नव्हतं. आणि कानशिलांवर झटकलेली फांदी विस्मृतीच्या पाण्याने भिजलेली होती. साधं झोपवायचं असतं तर लेथेचं दव कशाला हवं होतं? माझ्या वाचनात त्या दवाने झोपेसोबत साक्षही पुसली. त्याला आठवतं ते हातातलं सुकाणू, धक्का, आणि जहाजाची काळजी. मधलं गाळून गेलंय, आणि त्या जागी त्याने प्रामाणिकपणे 'योगायोगाने' हा शब्द घातलाय.

होमरशी ताडून पाहिलं तर व्हर्जिलचा बदल ठसठशीत दिसतो. 'ओडिसी'च्या तिसऱ्या सर्गात ट्रॉयहून परतणाऱ्या ग्रीक राजा मेनेलाउसचा कर्णधार फ्राँतिस असाच सुकाणू हाती असताना मरतो. तिथे अपोलोने त्याला आपल्या बाणांनी मारलं, असं म्हातारा नेस्टर स्वतः सांगतो. देवाने नेलं, हे माणसांना ठाऊक आहे आणि ती तसं म्हणू शकतात. मेनेलाउसला घरी जायची घाई असते तरी तो थांबतो, मित्राला विधीपूर्वक पुरतो, मग निघतो. व्हर्जिलने या दोन्ही गोष्टी काढून घेतल्या. कोणी थांबत नाही, आणि कोणाला ठाऊक नाही. नेत्याच्या मते ती कर्णधाराची चूक होती, कर्णधाराच्या मते योगायोग. ज्याने ठरवलं आणि ज्याने केलं, त्यांची नावं कोणत्याच जबाबात येत नाहीत. ती येतात फक्त कवीच्या निवेदनात, आणि 841व्या ओळीतल्या त्या एका शब्दाची बाजू घ्यायला तिथे दुसरं कोणीच नाही.

टेकडी

पालिनुरस शेवटी हात जोडतो. वेलियाच्या बंदरात जाऊन माझ्यावर माती टाका, किंवा मला सोबत पलीकडे न्या. तो ईनियसच्या मुलाच्या नावाने विनवतो. ईनियस एक शब्द बोलत नाही. उत्तर देते सिबिले: देवांनी ठरवलेलं प्रार्थनेने वळेल ही आशा सोड. मग ती थोडं सांत्वन करते. आसपासच्या गावांवर आकाशातून अरिष्टं येतील, तिथले लोक घाबरून तुझ्या अस्थींची शांत करतील, थडगं बांधतील, आणि त्या जागेला कायम पालिनुरस हे नाव राहील. देवांनी आपण केलेलं निस्तरायलाही देवांचाच धाक वापरायचा, आणि खर्च पुन्हा माणसांनी करायचा.

नाव मात्र राहिलं आहे. इटलीत कांपानियाच्या दक्षिणेला, चिलेंतोच्या किनाऱ्यावर, कापो पालिनुरो हे भूशिर आजही त्याच नावाने ओळखलं जातं. व्हर्जिलच्या पहिल्या वाचकांना हे नाव ऐकून पोटात गोळा आला असणार. इ.स.पू. 36 मध्ये, सेक्स्टस पाँपेविरुद्धच्या युद्धात, ऑक्टेव्हियनच्या ताफ्याला वेलिया आणि पालिनुरसच्या भूशिराजवळच वादळाने झोडपलं होतं, आणि तो सेक्स्टस स्वतःला नेपच्यूनचा पुत्र म्हणवून घेत असे. ऑक्टेव्हियन पुढे ऑगस्टस झाला. नेपच्यूनने रस्त्यावर घेतलेली पट्टी रोमच्या वाचकांना निव्वळ पुराणकथा वाटली नसेल. त्या पाण्यात त्यांच्या ओळखीची माणसं होती.

सिबिलेचं ऐकून पालिनुरसचं दुःख हलकं झालं, आपल्या नावाच्या भूमीने तो हरखला, असं व्हर्जिल लिहितो. पण त्या वाक्यात त्याने एक छोटं क्रियाविशेषण घातलंय: 'पारुंपेर'. थोडा वेळ.

मग ईनियस आणि सिबिले धरलेली वाट पुढे चालू लागतात आणि नदीजवळ येतात. पालिनुरस अलीकडच्या काठावर राहतो.